डाव्या बाजूचं दार

बोहरी आळीत ताहेरभाईंनी गुंडाळी उलगडून दाखवली,
वर चांदी, खाली काळं चिकट ब्युटिल.
"सगळा पत्रा झाकू नका साहेब, चौथा हिस्सा पुरे.
पत्रा थरथरायचा थांबला की आवाज मरतो."
मला हे सांगायची गरज नव्हती.
अठ्ठावीस वर्षं भोसरीत प्रेस शॉपला काढली मी,
पत्रा कुठे कण्हतो ते तळहाताला कळतं.
कानांचं मात्र काही सांगता येत नाही.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर शरयूचा आवाज
मधल्याच पायरीवर बसला तो बसलाच.
घरात, पंखा बंद केला, तर नीट ऐकू येतो.
गाडीत नाही.
नवले पुलाच्या पुढे टायर जात्यासारखे घरघरतात
आणि ती बोलतेय हे मला
फक्त ओठांवरून कळतं, तेही सिग्नलला.
एरवी मी मान हलवतो. "हो" म्हणतो.
हो म्हणायला काय जातं.

तीन रविवार, सोसायटीच्या पार्किंगमध्ये.
सीटा काढून भिंतीशी ओळीने मांडल्या,
जणू गाडीकडे पाहुणे यायचेत.
खळदकर दोनदा येऊन बघून गेले.
"त्यापेक्षा नवीनच घ्यायची ना," म्हणाले, आणि थांबले नाहीत.
कार्पेटखाली दिवेआगरची वाळू निघाली,
एक चुरमुरा, आणि निहारच्या बालवाडीच्या बिल्ल्याची पिन.
निहार आता दाढी करतो.

थिनरने पुसलं. हेअर ड्रायरने तापवलं
(शरयूचा, न विचारता).
रोलर फिरवला, पोळीची कड दाबावी तसा,
आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.
आधी ठण्ण. मग ठप.
कुंभाराकडे जे मडकं आपण परत ठेवतो
नेमकं तेच मला हवं होतं.

दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात.
ती बुजवायची नाहीत.
काचेवरून आत उतरलेलं पाणी
कुठून तरी बाहेर गेलं पाहिजे,
नाहीतर दार आतून सडतं आणि वरून पॉलिश चकाकत राहतं.

उजवं दार सावकाश केलं, कडेकडेने.
डाव्याला येईस्तोवर अंधार, डास, पाठ.
शेवटी दोन क्लिपा उरल्या.
पाकिटाच्या चिल्लरच्या कप्प्यात टाकल्या.
अशा क्लिपा उरतातच.

शनिवारी खेड शिवापूरकडे निघालो.
जातं होतं, पण आता
शेजारच्या घरात कुणी दळावं इतपत.
मोठा आवाज उठून गेला तसे
लहान आवाज जागे झाले,
किल्ल्यांचा जुडगा, वायपरचा सांधा,
ग्लोव्हबॉक्समध्ये खडीसाखरेची डबी,
ऑपरेशननंतर तिनेच ठेवलेली.
ती तिने काढून मांडीवर घेतली.
आणि नव्या कात्रज बोगद्यात, जिथे
मी आजवर तिचा एकही शब्द ऐकलेला नाही,
ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला होतात."
"कशाला?"
"इथेच, गेल्या दिवाळीत. बोगद्यापुढे मी चालवते म्हटलं होतं.
लायसन्स काढून दोन वर्षं झाली."
"मग?"
"मग काय. हो म्हणालात आणि चालवत राहिलात."

शिंदेवाडीला कडेला घेतली.
बॉनेटला वळसा घालून मी डावीकडे बसलो,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला,
पाठीमागचा ट्रक जाऊ दिला.
तिसऱ्या गिअरपर्यंत सगळं ठीक.
चौथ्यात माझ्या कोपराशी दार टरटरायला लागलं,
थांबून, पुन्हा.
"हे केव्हापासून?"
"निघाल्यापासून," ती म्हणाली,
समोरच बघत, आवाज जरासुद्धा न चढवता.
मी खिशातून पाकीट काढलं.